गाळलेले पाणी आणि न दिसणारा शत्रू
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषणाचा सारांश)



रोगाचा जंतू ओळखणे आणि त्याचा प्रसार रोखणे ही दोन वेगळी कार्ये आहेत. एकावाचून दुसरे अपुरे राहते, हे पटकीच्या, म्हणजेच कॉलऱ्याच्या इतिहासावरून स्पष्ट होते.

1854 मध्ये लंडनच्या सोहो भागात पटकीची भीषण साथ आली. दूषित हवेने हा रोग होतो, असा तेव्हा समज होता. डॉ. जॉन स्नो यांनी घरोघरी चौकशी केली, तेव्हा बहुसंख्य मृत्यू ब्रॉड स्ट्रीटवरील एका सार्वजनिक पंपाच्या परिसरात झाल्याचे आढळले. 8 सप्टेंबर रोजी त्या पंपाचा दांडा काढण्यात आला. साथ त्याआधीच ओसरू लागली होती. तरी रोग पाण्यातून पसरतो, याचा भक्कम पुरावा हाती आला. जंतू मात्र स्नो यांना सापडला नव्हता. त्याच वर्षी फ्लॉरेन्स येथे फिलिप्पो पाचिनी यांनी तो सूक्ष्मदर्शकातून पाहिला; पण त्यांच्याकडे कोणी लक्ष दिले नाही.

पुढे रॉबर्ट कॉख इजिप्तमार्गे 1883 च्या अखेरीस कलकत्त्यास आले. रुग्णांच्या आतड्यांत आणि तेथील तलावाच्या पाण्यातही त्यांना स्वल्पविरामासारखा वाकडा जंतू आढळला. हा जंतू आतड्यात विष सोडतो आणि त्यामुळे शरीरातील पाणी व क्षार वेगाने बाहेर पडतात, हे 1959 मध्ये कलकत्त्याच्याच डॉ. शंभुनाथ डे यांनी सिद्ध केले.

आता आपल्या घरातील गोष्ट. पाणी गाळून पिण्याची आपली रीत जीवदयेतून आली. बांगलादेशातील खेड्यांत रीटा कॉलवेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला एक अभ्यास 2003 मध्ये प्रसिद्ध झाला. जुन्या सुती साडीची किमान चार पदरी घडी करून पाणी गाळल्यास पटकीचे रुग्ण 48 टक्क्यांनी घटतात, असे त्यात दिसून आले. हा जंतू पाण्यातील सूक्ष्म प्राण्यांना चिकटून राहतो आणि ते प्राणी कापडात अडकतात.

परंतु बंधू-भगिनींनो, या आकड्याने आपण हुरळून जाऊ नये. रुग्ण निम्मे घटले, याचाच अर्थ निम्मे उरले! सुटे जंतू कापडातून सहज निसटतात. म्हणून गाळणे हे अर्धे काम होय. पाणी खळखळून उकळणे हे उरलेले अर्धे. उकळलेल्या पाण्यात कोणी बोटे बुडवली, तर तेही व्यर्थ जाते. गाळण्याचे वस्त्र रोज धुऊन उन्हात वाळवावे, पाणी झाकून ठेवावे आणि लांब दांड्याच्या ओगराळ्याने घ्यावे.

घरात पाळलेली शिस्त सामुदायिक भोजनात सुटते, हा माझा अनुभव आहे. पन्नास वर्षे पूर्ण करणाऱ्या या संस्थेस माझी एकच नम्र विनंती आहे: धर्मशाळेची टाकी शेवटची कधी धुतली, ती तारीख टाकीवरच लिहावी. ज्याला जुलाब होत आहेत, त्याने त्या दिवसांत वाढपास उभे राहू नये; त्यात संकोच कसला? आपल्या हातून नकळत होणारी इजा टाळणे, हाही आपला धर्मच आहे.