बाटली पुन्हा कारखान्यात जाते तेव्हा

वापरलेली वस्तू पुन्हा कारखान्यात किंवा मातीत परतावी, यालाच चक्राकार कचरा व्यवस्थापन म्हणतात. पुण्यात हे काम प्रामुख्यानं बायकांच्या हातांनी उभं राहिलं आहे.

१९९३ मध्ये डॉ. बाबा आढाव यांच्या पुढाकारानं कचरावेचकांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली. पुढं तिच्यातून ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था आकाराला आली आणि २००८ मध्ये तिनं महापालिकेशी करार केला. उकिरड्यावर वाकून वेचणाऱ्या या बायका आता ओळखपत्र घेऊन दारोदार येतात. घरटी शुल्क आणि भंगाराचे पैसे, दोन्ही त्यांचं उत्पन्न.

खरं कौशल्य वर्गीकरणात आहे. पुठ्ठा, काच, पत्रा वेगळा. प्लॅस्टिकमध्येही दुधाची पिशवी निराळी, पाण्याची बाटली निराळी. बाटलीचे तुकडे धुऊन त्यांपासून धागा तयार होतो. पण तिच्यावर आमटी सांडलेली असली, तर भाव पडतो किंवा ती थेट कचरा डेपोत जाते. म्हणजे या चक्राची पहिली कडी आपल्या ओट्याजवळ आहे. ओल्या कचऱ्याचं खत किंवा बायोगॅस होतो, तोही निवडलेला असेल तरच.

आणि एक कळकळीची विनंती. सॅनिटरी पॅड, डायपर कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढा. ते उघड्या हातांनी निवडायची वेळ कुणावरही येऊ नये.