शाळिग्रामातलं चक्र



देवघरात शाळिग्राम असेल, तर त्यातलं चक्र आठवा.
ते असतं अमोनाइट नावाच्या, नामशेष झालेल्या सागरी प्राण्याच्या शंखाचं.
आणि सापडतं कुठे?
नेपाळमध्ये, काली गंडकीच्या पात्रात. समुद्रापासून इतकं दूर!

या अमोनाइटचा एक नातलग आजही जिवंत आहे.
त्याचं नाव नॉटिलस.

गोगलगायीचा शंख आतून सलग असतो.
नॉटिलसचा तसा नसतो. त्यात कप्पे असतात.
पूर्ण वाढ झाली, की साधारण 30.
प्राणी राहतो फक्त शेवटच्या, सर्वांत मोठ्या कप्प्यात.
अंग वाढलं, की तो पुढे सरकतो.
आणि पाठीमागे नवा पडदा बांधतो.

आता खरी गंमत ऐका.
सगळ्या पडद्यांतून एक बारीक नळी जाते.
नव्या कप्प्यात आधी खारं पाणी असतं.
नळी त्यातले क्षार ओढून घेते.
क्षारांमागोमाग पाणी जातं.
मग त्या जागी वायू झिरपतो.

म्हणजे नॉटिलस हवा भरत नाही, बरं का.
आधी पाणी जातं, मग वायू येतो.
म्हणून तो जड शंख पाण्यात तरंगता राहतो.

पुन्हा कधी शाळिग्रामाचं चक्र पाहाल, तेव्हा बाहेरची कड नीट बघा.
नॉटिलसची नळी साधारण मधून जाते.
बहुतेक अमोनाइटांची मात्र, त्या कडेने जायची.