शोमरोन्याचे दोन दिनार

लूकच्या शुभवर्तमानातला चांगला शोमरोनी ख्रिस्ती नसलेल्यांनाही ठाऊक असतो. जखमी वाटसरूला टाळून याजक आणि लेवी पुढे गेले, शोमरोनी मात्र थांबला, इथवर गोष्ट रंगवून सांगतात आणि उरलेली घाईत उरकतात. त्याने जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतला, त्या माणसाला आपल्या जनावरावर घालून उतारशाळेत नेले, दुसऱ्या दिवशी मालकाच्या हातावर दोन दिनार ठेवले आणि जास्त लागले तर परतताना देईन म्हणाला. दिनार म्हणजे त्या काळचा मजुराचा दिवसाचा रोज. कळवळा बहुतेकांना येतोच. त्यामागची तजवीज जो करतो त्याच्या संसारात शुभवर्तमान उतरले, असे मी मानतो.

याचा मराठी पुरावा म्हणजे ख्रिस्ती झालेल्या पंडिता रमाबाई. 1889 साली त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन उघडले ते नुसत्या उत्साहावर नव्हे. 1887 मध्ये बॉस्टनला स्थापन झालेल्या रमाबाई असोसिएशनने दहा वर्षे खर्च उचलण्याची हमी दिली होती. ही मुदत कधीतरी संपणार हे ओळखून बाईंनी केडगावला जमीन घेतली, फळबाग लावली. 1896 च्या अखेरीस मध्य प्रांतात दुष्काळ पडला, बाई तिकडे गेल्या आणि निराधार मुली-बायका घेऊन आल्या, तेव्हा हीच जमीन कामी आली. तिथे उभ्या राहिलेल्या मुक्ती सदनात प्रार्थनेबरोबर शाळा, विणकाम, तेलघाणा, दूधदुभते आणि छापखाना चालला. बाईंनी केलेले बायबलचे मराठी भाषांतर तिथल्याच बायकांनी खिळे जुळवून छापले. टाकलेल्या बाईच्या हाती कसब देणे हीसुद्धा सेवाच, उपासनेहून तसूभरही कमी नाही.

यावर मोठा आक्षेप धर्मांतराचा आहे आणि तो झटकून टाकण्याजोगा नाही. शारदा सदनात धर्माचा आग्रह धरणार नाही, असा शब्द होता. बाई आपल्या खोलीत प्रार्थना करीत, दार उघडे असे, मुली आपण होऊन येऊन बसत. 1893 साली यावरून वादळ उठले, समाजसुधारक रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी मुली काढून नेल्या. बाईंनी दडपण आणले नाही, असे मला वाटते. पण आश्रयाला आलेल्या पोरीला आश्रयदात्याचा धर्म परका कसा वाटावा? इथे शोमरोनीच कसोटीला लावावा. त्याने जखमीला जात विचारली नाही, आपल्या लोकांच्या पवित्र डोंगरावर उपासनेला येशील का हेही विचारले नाही. ही कसोटी मिशनरींनाही चुकत नाही.

दुसरा आक्षेप भाविकांचा: उजवा हात काय देतो ते डाव्याला कळू नये, असे येशूच सांगतो, मग हिशेब कसले ठेवता? ती शिकवण मिरवणाऱ्यांसाठी आहे. दात्याने आपले नाव झाकावे. दुसऱ्याचे पैसे हाताळणाऱ्याने वही झाकली तर ती नम्रता नव्हे. चर्चच्या कार्यकारिणीत दानपेटी मोजणाऱ्याने हे रोज ध्यानात ठेवावे.

आपण परदेशातून गावाकडे पैसे पाठवतो, बहुधा नाताळात किंवा पूर आल्यावर. यंदा एकच संस्था निवडा, तिची वही मागून बघा आणि बॉस्टनकरांसारखी दहा वर्षांची हमी लिहून द्या.