नावात काय आहे: दोन हायसिंथ

वसंत आला की आपल्या मिल्टन कीन्सच्या दुकानांत हायसिंथच्या कुंड्या दिसू लागतात. पुण्याच्या मुळा-मुठेतल्या जलपर्णीलाही इंग्रजीत 'वॉटर हायसिंथ'च म्हणतात. पण दोघांचं नातं फक्त नावापुरतं.

बागेतला हायसिंथ मूळचा तुर्कस्तान-सीरियाकडचा. फुलं सुकली म्हणून कुंडी फेकू नका. पानं पिवळी पडली की कंद जपून ठेवा आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये अंगणात लावा. हिवाळ्याची थंडी मिळाली की तो पुन्हा फुलतो. मात्र कंद दिसतो कांद्यासारखा आणि असतो विषारी. मुलांना सांगून ठेवा.

जलपर्णी दक्षिण अमेरिकेतली. ती पाण्यावर तरंगते, सांडपाण्यातल्या नायट्रोजन-फॉस्फरसवर पोसते आणि उबदार हवेत साधारण दोन आठवड्यांत दुप्पट होते. खालच्या पाण्याला ना ऊन मिळत, ना पुरेसा प्राणवायू. आमच्या आयटीत म्हणतात, लक्षण नको, मूळ कारण दुरुस्त करा. इथेही तेच: सांडपाणी थांबत नाही तोवर काढलेली जलपर्णी परत येणारच.

ब्रिटनमध्ये ती विकणं किंवा पाळणं बेकायदा आहे. तेव्हा जांभळं फूल आवडलं, तरी गावाहून तिचा तुकडाही आणू नका. आणि घरच्या तळ्यातली कुठलीच वनस्पती विलन किंवा कॅल्डेकॉट तलावात सोडू नका. भेटू पुन्हा!