एका डॉलरचें पेटंट

‘पेटंट औषध’ हे शब्द आपल्याकडील सुशिक्षित घरांत कित्येक पिढ्या वापरले गेले आहेत. वर्तमानपत्रांतील जाहिरात वाचून टपालानें मागविलेली, रंगीत वेष्टणांत गुंडाळलेली आणि खोकल्यापासून निद्रानाशापर्यंत सर्वांवर रामबाण म्हणविणारी बाटली म्हणजे पेटंट औषध. मौज अशी कीं, यांपैकीं बहुतेक बाटल्यांना पेटंट मुळींच नव्हतें. पेटंट घ्यावयाचें म्हणजे औषधांत काय काय आहे व तें कसें सिद्ध केलें, हें सरकारदरबारीं लिहून द्यावें लागतें, आणि तें छापून प्रसिद्ध होतें. ज्याचा सारा व्यापार गुपितावर चालला आहे त्याला हें कसें परवडावें? त्यानें नांवाची व वेष्टणाची नोंदणी केली आणि कृति आपल्या पोटांत ठेवली. खरें पेटंट हा याच्या अगदीं उलट करार आहे. शोधकानें गुपित उघडें करावयाचें आणि समाजानें त्याच्या मोबदल्यांत त्याला ठराविक वर्षांचा मक्ता द्यावयाचा. ही मुदत आज बहुतेक देशांत अर्जापासून वीस वर्षांची आहे.

शिवणाचें यंत्र किंवा सायकल यांच्या बाबतींत हा करार कोणाला खटकत नाहीं. शिवणाचें यंत्र दहा वर्षांनीं स्वस्त झालें तर कापड तोंवर हातानें शिवतां येतें. रोग्याला मात्र मुदत संपेपर्यंत थांबतां येत नाहीं. म्हणूनच वैद्यकांतील पेटंटाचा प्रश्न व्यापाराच्या प्रश्नाहून निराळा आहे, आणि डॉक्टर मंडळींनीं त्याकडे दीर्घ काळ संशयानें पाहिलें.

त्या संशयाला कारण घडवून आणणाऱ्यांत बोस्टनचा दंतवैद्य विल्यम मॉर्टन याचें नांव अग्रभागीं घ्यावें लागेल. १६ ऑक्टोबर १८४६ रोजीं मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलांत त्यानें एका रोग्याला एक वाफ हुंगविली आणि शस्त्रवैद्यानें त्याच्या मानेवरील गांठ कापली. रोगी ओरडला नाहीं. शस्त्रक्रियेच्या इतिहासांत इतका मोठा दिवस क्वचितच उगवला असेल. परंतु मॉर्टननें त्या द्रव्याला ‘लीथीऑन’ असें भारदस्त नांव देऊन, त्यांत रंग व सुवास मिसळून, तें काय आहे हें लपविण्याची खटपट चालविली, आणि महिना होण्याच्या आंत त्यावर पेटंटहि मिळविलें. वास्तविक तें द्रव्य म्हणजे साधें ईथर होतें. प्रत्येक औषधविक्रेत्याच्या फडताळांत ईथर होतेंच, आणि त्याचा वास कांहीं केल्या लपेना. मक्ता कागदावरच राहिला. १८६२ सालीं न्यायालयानेंहि तें पेटंट टिकत नाहीं असा निर्णय दिला. मॉर्टनच्या हातीं पैसा पडला नाहींच, उलट त्याच्या उपकाराची थोरवी त्याच्या लोभानें झांकोळली गेली.

या पार्श्वभूमीवर टोरोंटो येथें १९२१ ते १९२३ या काळांत जें घडलें तें पाहण्यासारखें आहे.

त्या वेळीं लहान मुलाला मधुमेह झाला म्हणजे त्याचे दिवस मोजकेच उरत. डॉक्टरांच्या हातीं उपाय होता तो एकच, आणि तो म्हणजे उपासमार. अमेरिकेंतील डॉ. ॲलन यांच्या पद्धतीप्रमाणें आहार इतका कमी करीत कीं, मूल रोगानें मरण्याऐवजीं हाडांचा सांपळा होऊन कांहीं महिने अधिक जगे. मूल अन्न मागत आहे आणि तें न देणें हेंच त्याच्यावरील प्रेम आहे, अशा स्थितींत कित्येक आयांनीं तीं वर्षें काढलीं.

फ्रेडरिक बँटिंग हा तरुण शस्त्रवैद्य मे १९२१ मध्यें टोरोंटो विद्यापीठांत प्रो. मॅक्लाउड यांच्या प्रयोगशाळेंत कामाला लागला. चार्लस बेस्ट हा नुकताच पदवीधर झालेला विद्यार्थी त्याच्या मदतीला होता. स्वादुपिंडाचा अर्क काढून तो मधुमेही कुत्र्यांना टोंचावयाचा आणि रक्तांतील साखर उतरते कीं काय हें पाहावयाचें, असा त्यांचा उद्योग होता. पुढें जेम्स कॉलिप हा रसायनशास्त्रज्ञ त्यांना येऊन मिळाला. ११ जानेवारी १९२२ रोजीं टोरोंटोच्या रुग्णालयांत १४ वर्षांच्या एका मुलाला पहिली सुई टोंचली. ती फसली. अर्क अशुद्ध होता. साखर थोडीशीच उतरली व टोंचलेल्या जागीं गळूं झालें. बारा दिवसांनीं, २३ जानेवारीस, कॉलिपनें शुद्ध केलेला अर्क टोंचण्यास आरंभ झाला आणि त्या मुलाच्या अंगांत जीव आला. तो पुढें तेरा वर्षें जगला.

या दोन तारखांच्या दरम्यान प्रयोगशाळेंत जें घडलें तें सत्कारसमारंभांत सांगितलें जात नाहीं. शुद्धीकरणाची रीत हातीं लागल्यावर कॉलिपनें ती सहकाऱ्यांना सांगण्यास नकार दिला व आपण निराळे होऊन पेटंट घेऊं असें सुचविलें, असें बँटिंग व बेस्ट यांच्या आठवणींत आहे. प्रकरण हातघाईवर आलें होतें म्हणतात. निवाडा झाला तो कागदावर. २५ जानेवारी १९२२ रोजीं त्या चौघांनीं विद्यापीठाच्या कॉनॉट प्रयोगशाळेशीं करार केला कीं, एकत्र काम चालू असेतोंवर कोणीहि आपल्यापुरतें पेटंट घेण्याच्या मार्गाला लागावयाचें नाहीं. माणसें थोर होतीं, पण देव नव्हतीं. हा करार लिहून ठेवावा लागला यांतच त्याचें महत्त्व आहे.

मग त्यांनींच पुढें पेटंट कां घेतलें? आज बाहेरून पाहणाऱ्याला वाटेल कीं, कृति छापून टाकावी म्हणजे ती सर्वांची झाली. त्यांनाहि आधीं तसेंच वाटत होतें. परंतु छापलेल्या कृतींत एखाद्या कारखान्यानें थोडी सुधारणा केली आणि त्या सुधारलेल्या कृतीवर पेटंट घेतलें, तर मूळ शोधकांनाच दाराबाहेर उभें राहण्याची पाळी येणार होती. एप्रिल १९२२ मध्यें त्यांनीं विद्यापीठाच्या अध्यक्षांना पत्र लिहून हा धोका मांडला. पेटंट घ्यावयाचें तें दुसऱ्या कोणाला घेतां येऊं नये म्हणून. कृति प्रसिद्ध झाल्यावर अर्क कोणींहि करावा, मक्ता मात्र कोणाचाच नसावा, असा त्या पत्राचा आशय होता. बँटिंगला तरीहि संकोच वाटत होता. रुग्णाच्या उपचारावर हक्क सांगणें वैद्याच्या शपथेशीं जुळत नाहीं असें मानून त्यानें प्रथम आपलें नांव अर्जावर येऊं दिलें नाहीं. पुढें वकिलांच्या सल्ल्यावरून अमेरिकेंतील अर्जांत तें घालावें लागलें. जानेवारी १९२३ मध्यें बँटिंग, बेस्ट व कॉलिप यांनीं आपले सर्व हक्क टोरोंटो विद्यापीठाच्या स्वाधीन केले. प्रत्येकानें घेतलेला मोबदला एक डॉलर होता. दान कायद्यानें पक्कें व्हावें म्हणून कांहीं तरी किंमत लावावी लागते, ती ही किंमत.

येथेंच कथा संपविण्याचा प्रघात आहे. परंतु त्या पेटंटाचा खरा उपयोग यापुढें झाला.

१९२२ च्या वसंतांत टोरोंटोच्या मंडळींना चांगलें इन्सुलिन करतांच येईना. प्रयोगशाळेंत थोड्या प्रमाणावर जमलेली कृति मोठ्या भांड्यांत फसली, आणि रुग्णालयाच्या दाराशीं रोग्यांची रीघ लागलेली. शेवटीं ३० मे रोजीं इंडियानापोलिस येथील एली लिली या कंपनीशीं करार झाला. कंपनीनें आपले रसायनज्ञ व कत्तलखान्यांतून हवें तितकें स्वादुपिंड आणण्याची व्यवस्था यांचें बळ द्यावें, आणि एक वर्षापुरता अमेरिकेंत तिलाच परवाना असावा असें ठरलें. तेथील वॉल्डन या रसायनज्ञाला त्याच वर्षीं असें आढळलें कीं, द्रावणाची आम्लता एका विवक्षित बिंदूवर आणून ठेवली म्हणजे इन्सुलिन सांक्याप्रमाणें तळाशीं बसतें आणि पूर्वीपेक्षां पुष्कळच शुद्ध मिळतें. कंपनीनें त्यावर स्वतःचें पेटंट मागितलें. पत्रांत वर्तविलेलें संकट याप्रमाणें वर्षाच्या आंतच दारांत येऊन उभें राहिलें. सुदैवानें तीच गोष्ट सेंट लुईस येथील वॉशिंग्टन विद्यापीठांतहि स्वतंत्रपणें आढळली होती, आणि मूळ पेटंट तर टोरोंटोच्या हातीं होतें. वर्षाची मुदत सरल्यावर इतर कारखान्यांनाहि परवाने मिळाले. एकानें केलेली सुधारणा इतरांना मिळावी, अशीच विद्यापीठाच्या इन्सुलिन समितीची योजना होती.

समितीची दुसरी अट याहूनहि मोलाची होती. परवाना घेतलेल्या कारखान्यानें आपल्या मालाचा नमुना तपासणीसाठीं पाठवावा आणि तो पसंत पडल्यावरच माल विकावा. आरंभीं इन्सुलिनच्या एका घाण्याचा जोर दुसऱ्या घाण्याशीं जुळत नसे. दुबळ्या अर्कानें रोगी हळूहळू खचे. जहाल अर्कानें रक्तांतील साखर एकाएकीं उतरून तो तासाभरांत बेशुद्ध पडे. ‘युनिट’ हा शब्द आज मधुमेह्याच्या घरांतील शाळकरी मुलालाहि ठाऊक असतो. त्या शब्दामागें एक निश्चित माप असलें पाहिजे हें कारखानदाराकडून मान्य करून घेण्याचें हत्यार त्या काळीं पेटंटाशिवाय दुसरें नव्हतें.

इतर देशांतहि हीच रीत नेण्याचा प्रयत्न झाला. इंग्लंडचा हक्क तेथील मेडिकल रिसर्च कौन्सिलच्या हवालीं करण्यांत आला. कोपनहेगनचे प्रो. ऑगस्ट क्रोघ १९२२ च्या नोव्हेंबरांत टोरोंटोस आले. त्यांची पत्नी मारी स्वतः डॉक्टर होती व तिला मधुमेह होता. ते परवानगी घेऊन परत गेले आणि पुढल्याच वर्षीं डेन्मार्कमध्यें इन्सुलिन तयार होऊं लागलें.

विद्यापीठाच्या हातीं पेटंट आलें म्हणजे सर्व कुशल झालें, असें मात्र समजण्याचें कारण नाहीं. हार्वर्ड येथील फिलिप ड्रिंकर व लुई शॉ यांनीं पोलिओनें श्वास थांबलेल्या रोग्यासाठीं एक लोखंडी पेटी तयार केली. मान बाहेर व धड आंत ठेवून, पेटींतील हवेचा दाब कमीजास्त करून छाती हलविणारें हें यंत्र ऑक्टोबर १९२८ मध्यें बोस्टनच्या मुलांच्या रुग्णालयांत एका आठ वर्षांच्या मुलीसाठीं प्रथम वापरलें गेलें. बेशुद्ध झालेली ती मुलगी थोड्याच वेळांत शुद्धीवर आली; पुढें कांहीं दिवसांनीं न्यूमोनियानें ती वारली, परंतु यंत्राचा गुण सिद्ध झाला. ‘लोखंडी फुप्फुस’ हें नांव जगभर झालें. १९३१ मध्यें जॉन एमर्सन नांवाच्या एका कुशल कारागिरानें त्याहून हलकें, कमी आवाजाचें आणि सुमारें अर्ध्या किंमतीचें यंत्र बनविलें. ड्रिंकर व हार्वर्ड यांनीं पेटंटभंगाबद्दल त्याला न्यायालयांत खेंचलें. एमर्सननें काय करावें? त्यानें जुनीं दप्तरें धुंडाळलीं. धड पेटींत कोंडून श्वास चालविण्याच्या युक्तीवर केंटकीच्या आल्फ्रेड जोन्स यानें १८६४ मध्येंच पेटंट घेतलें होतें, पॅरिसच्या डॉ. वॉयेझ यांनीं १८७६ मध्यें असलेंच यंत्र केलें होतें. ड्रिंकर यांच्या यंत्रांतील भाग एकेक करून पूर्वीच कोणी ना कोणी योजलेले निघाले आणि तें पेटंटच रद्द झालें. जुन्या पेटंटांचे कागद छापून सर्वांसाठीं खुले ठेवलेले असतात, त्याचा हा उपयोग पोलिओच्या सांथींत अनेक रुग्णालयांच्या पदरीं पडला.

टोरोंटोच्या पेटंटालाहि मुदत होतीच. ती संपत आली तेव्हां, १९४१ मध्यें, एक विचित्र प्रश्न उभा राहिला. मक्ता गेला कीं किंमत उतरेल हें खरें. पण मग घाण्यांची तपासणी कोण करणार? परवानाच नको झाला तर नमुना कोण पाठवील? त्याच वर्षीं संगनमतानें भाव ठरविल्याच्या आरोपावरून तीन अमेरिकन कारखान्यांना दंड झाला होता, तेव्हां त्यांच्या सदिच्छेवर विसंबणें कठीण होतें. डिसेंबर १९४१ मध्यें अमेरिकेच्या काँग्रेसनें घाईनें कायदा करून प्रत्येक घाण्याच्या तपासणीचा भार सरकारी औषधखात्यावर टाकला. विद्यापीठानें अठरा वर्षें पेटंटाच्या जोरावर केलेलें काम याप्रमाणें सरकारनें उचललें.

भारताच्या १९७० च्या कायद्यानें याच प्रश्नाला दुसऱ्या बाजूनें हात घातला. औषधाच्या पदार्थावर मक्ता नाहीं, केवळ तें बनविण्याच्या रीतीवर, असा तो नियम होता. दुसऱ्या रीतीनें तेंच औषध करण्यास वाव राहिला आणि मुंबईसारख्या शहरांतील औषधांचे कारखाने त्यावर वाढले. १ जानेवारी २००५ पासून आंतरराष्ट्रीय करारामुळें पदार्थावरहि पेटंट मिळूं लागलें. रोग्यावर उपचार करण्याच्या पद्धतीवर मात्र भारतांत आजहि पेटंट मिळत नाहीं.

जनावरांच्या स्वादुपिंडाची जागा पुढें जंतूंकडून करवून घेतलेल्या मानवी इन्सुलिननें घेतली. अमेरिकेंत त्याला १९८२ मध्यें मान्यता मिळाली. नंतर इन्सुलिनच्या रेणूंतच फेरफार करून लवकर किंवा सावकाश काम करणारे नवे प्रकार निघाले आणि त्यांवर नवीं पेटंटें आलीं. १९९६ मध्यें बाजारांत आलेल्या अशा एका प्रकाराची कुपी अमेरिकेंत आरंभीं सुमारें २१ डॉलरला मिळे. वीस-बावीस वर्षांत तिची छापील किंमत २७५ डॉलरच्या घरांत गेली. ती न परवडल्यामुळें मात्रा निम्मी करून घेणारे रोगी त्या श्रीमंत देशांत निघाले, आणि त्यावर मोठा गवगवा झाला. मार्च २०२३ मध्यें इंडियानापोलिसच्या त्याच कंपनीनें आपल्या इन्सुलिनची छापील किंमत ७० टक्क्यांनीं उतरविण्याचें जाहीर केलें, आणि त्याच इन्सुलिनची बिननांवाची कुपी मेपासून २५ डॉलरला देऊं केली.