कुलाबा: ओहोटीचं गणित

आजच्या भागात किल्ला आहे, पण इतिहास अगदी थोडा. बोलायचंय ते किल्ल्याभोवतीच्या पाण्याबद्दल.

अलिबागच्या किनाऱ्यावर उभं राहिलं की समोर कुलाबा दिसतो. बसाल्टचा, म्हणजे आपल्या सह्याद्रीच्याच काळ्या दगडाचा, उत्तर-दक्षिण लांबट असा हा खडक. १६८० मध्ये शिवाजी महाराजांनी इथे किल्ला बांधायला घेतला, संभाजी महाराजांच्या काळात तो पुरा झाला. आत गणपतीचं देऊळ आहे, चहूबाजूंनी खारं पाणी असूनही गोडं पाणी आहे. गाव मात्र नाही. भरतीला हे बेट असतं. ओहोटीला वाळू उघडी पडते आणि माणसं चालत जातात, घोडागाड्या जातात.

आता प्रश्न येतो, कधी जायचं?

कोकणात एक जुना हिशेब आहे. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची अंदाजे वेळ निघते. पंचमी असेल तर पाच गुणिले पाऊण, म्हणजे पावणेचार. अष्टमीला सहा. त्यात साधारण सहा तास मिळवले की ओहोटी. म्हणजे अष्टमीला ओहोटी भर दुपारी बाराला. वाटतं, वा, सोयीची वेळ!

गंमत इथेच आहे. अष्टमीला असते भांगाची भरती. चंद्र आणि सूर्य काटकोनात ओढतात, त्यामुळे पाणी फार चढत नाही, तसंच फार उतरतही नाही. मुंबईच्या या पट्ट्यात भांगाच्या ओहोटीला पाणी उधाणाच्या ओहोटीपेक्षा साधारण मीटरभर वरच थांबतं. मीटरभर म्हणजे कमरेएवढं! वेळ बरोबर, पण वाट पाण्याखाली. उलट अमावस्या-पौर्णिमेला वाट छान उघडते, पण पहाटे आणि संध्याकाळी पाच-सहाच्या सुमारास.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. पाणी सहा तास एकाच वेगाने चढत नाही. ओहोटीनंतरच्या पहिल्या तासात ते एकूण चढाच्या जेमतेम बाराव्या हिश्शाएवढं वाढतं. आपल्याला वाटतं, समुद्र अजून झोपलाय, काढू अजून चार फोटो. मग तिसऱ्या-चौथ्या तासात निम्मी भरती येते. उधाणाला हा चढ साडेतीन मीटरच्या पुढे असतो, म्हणजे त्या दोन तासांतच पाऊणेदोन मीटर पाणी. शिवाय सखल जागा आधी भरतात. पाय कोरडे असले तरी मागची वाट भरलेली असू शकते.

म्हणून मंडळी, पाणी उतरत असतानाच निघा आणि पूर्ण ओहोटी झाली की परतीला लागा. तिथीवरून अंदाज घ्या, पण निघण्यापूर्वी त्या दिवसाचं भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघा आणि घोडागाडीवाल्यांना विचारा. ‘आता वळा’ म्हणाले, तर वाद न घालता वळा. पावसाळ्यात वारा पाणी आणखी चढवतो, तेव्हा हे गणित बाजूलाच ठेवा.

किल्ला कुठे जात नाही. वाट जाते.

भेटू पुढच्या भागात.