डोळ्यांवरची पेटी घरोघर जाईल काय?



आजच्या विषयाचा फलक वाचून आमच्या एका जुन्या सहकाऱ्याने आम्हांला विचारले, "जन्मभर बोनस आणि पाळ्या यांवर बोललात, हा डोळ्यांवर चढवायचा खेळ कधीपासून हाती घेतलात?" प्रश्न रास्त आहे. हा खेळ आम्ही हाती घेतला नाही. तो कारखान्याच्या फाटकातून आमच्याकडे चालत आला. तो कसा आला ते पुढे सांगू. आधी तो आपल्या घरात येईल काय, याचा विचार करू.

व्हर्च्युअल रिॲलिटी, थोडक्यात व्हीआर, असे ज्याला म्हणतात त्याचा हेडसेट म्हणजे तोंडावर पट्ट्यांनी बांधायची एक पेटी होय. आत दोन डोळ्यांसमोर दोन चित्रे, मध्ये भिंगे, आणि मान वळली की चित्रही त्याच वेगाने वळवणारी यंत्रणा. बाहेरचे जग झाकले जाते आणि मनुष्य दुसऱ्याच ठिकाणी उभा आहे असे त्याला वाटू लागते. लहानपणी जत्रेत पैसा देऊन आम्ही पेटीच्या भोकाला डोळा लावला आहे. आत ताजमहाल दिसे, आगगाडी दिसे. त्या आठवणीने आम्ही आज या उपकरणाला पेटीच म्हणणार आहोत.

ही कल्पना कालची नाही. दोन डोळ्यांना किंचित वेगळी चित्रे दाखवली की खोलीचा भास होतो, हे व्हीटस्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने १८३८ साली दाखवून दिले. पुढे भिंगांची सुटसुटीत पेटी निघाली, आणि ती घरोघर असलीच पाहिजे अशी घोषणा करणारी कंपनीही लंडनमध्ये उभी राहिली. त्या काळच्या सुखवस्तू घरांत ती खरोखरच पोचली. ती हलकी होती, हातात धरायची होती, आणि पाहून झाली की शेजारच्याच्या हाती देता येत होती. ही गोष्ट ध्यानात ठेवावी; तिचे काम पुढे पडणार आहे.

संगणकाचे चित्र डोक्यावरच्या उपकरणात दाखवण्याचा प्रयोग अमेरिकेत आयव्हन सदरलँड यांनी १९६८ साली केला. ते उपकरण इतके जड होते की ते छताला टांगावे लागे. १९९५ साली निन्टेन्डो या जपानी कंपनीने 'व्हर्च्युअल बॉय' नावाचा खेळ बाजारात आणला. त्यात सारे चित्र तांबडे आणि काळे. आठ लाखही नग खपले नाहीत आणि पुढच्याच वर्षी तो गुंडाळला गेला. मग २०१२ साली ऑक्युलस नावाच्या नव्या कंपनीने लोकांकडे अडीच लाख डॉलर मागितले, तर सुमारे चोवीस लाख जमले. दोनच वर्षांनी फेसबुकने ती कंपनी सुमारे दोनशे कोटी डॉलरना घेण्याचा सौदा केला. २०१६ साली तिची पेटी ५९९ डॉलरना निघाली. २०२० साली पुढची पेटी २९९ डॉलरवर आली. २०२४ च्या फेब्रुवारीत ॲपलने आपली पेटी काढली, ती ३,४९९ डॉलरची.

एवढे भांडवल ओतून हाती काय आले? फेसबुकची मूळ कंपनी, जिने २०२१ साली मेटा हे नाव घेतले, तिच्या या खात्याचा तोटा २०२२ साली १,३७२ कोटी डॉलर, २०२३ साली १,६१२ कोटी आणि २०२४ साली १,७७३ कोटी. तीन वर्षांचे मिळून पावणेपाच हजार कोटी डॉलर होतात. कोणी मजूर आपल्या झोपडीचे पत्रे गहाण टाकून इतक्या हट्टाने एकच धंदा करू लागला, तर गावचे लोक त्याला वेडा म्हणतील. भांडवल हेच करते तेव्हा त्याला दूरदृष्टी म्हणतात.

पुष्कळ लोक म्हणतात, किंमत उतरली की माल घरोघर जाईल. आम्हांला हे पटत नाही, कारण त्याची परीक्षा होऊन गेली आहे. २०१४ साली गूगलने पुठ्ठ्याची पेटी काढली. पुठ्ठा, दोन भिंगे, आणि मध्ये आपलाच मोबाइल बसवायचा; किंमत जवळजवळ नाहीच. तीन वर्षांत अशा कोटीहून अधिक पेट्या जगभर गेल्या. लोकांनी एकदा पाहिले, "वा!" म्हटले, आणि पेटी माळ्यावर टाकली. २०२१ साली गूगलने तिची विक्रीही थांबवली. म्हणजे गाठ पैशांची नव्हे. ती अन्यत्र आहे.

पहिली गाठ शरीराची. घाटातल्या एस.टी.त बसून जो पुस्तक वाचतो त्याला मळमळते. कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग सांगतो की आपण हलत आहोत, आणि डोळा सांगतो की पान स्थिर आहे. पेटीत याच्या उलट घडते: डोळा धावतो आणि शरीर खुर्चीत असते. शिवाय जवळची वस्तू पाहताना दोन्ही बुबुळे आत वळतात, पण नजर मात्र एकाच ठरावीक अंतरावर रोखावी लागते, म्हणून डोळे शिणतात. त्यातून अर्धा किलो वजन कपाळावर आणि गालांवर. काही जणांना काहीच होत नाही. काहींना दहा मिनिटांत घेरी येते.

दुसरी गाठ आमच्या मते अधिक घट्ट आहे, आणि ती घराची आहे. आपल्या घरांत कोणती यंत्रे टिकली ते पाहा. रेडिओ ऐकत भाकरी थापता येते. टीव्हीवरील मालिका पाहत असता घरची बाई कुकरच्या शिट्या मोजते, मुलाला दटावते आणि दारातल्या माणसाशी बोलते. मोबाइल तर खिशातून काढावा आणि खिशात टाकावा. कष्टकऱ्याची फुरसत सलग नसते. ती चुऱ्यासारखी असते, पाच मिनिटे इथे, दहा तिथे. या पेटीला मात्र सलग तास हवा, मोकळी खोली हवी, आणि घरातल्या इतरांनी आपल्याला हाक मारू नये अशी व्यवस्था हवी. दोन खोल्यांत पाच माणसे राहतात तिथे एकाने डोळे-कान झाकून घेणे म्हणजे चौघांना पाठ दाखवणे. १९९८ साली 'छोटा चेतन' पाहताना थिएटरात आपण सर्वांनी तो चष्मा हौसेने लावला. तोच चष्मा लावून घरी टीव्ही पाहा, असे २०१० च्या सुमारास कंपन्या सांगू लागल्या. २०१७ पर्यंत मोठ्या कंपन्यांनी तसे संच काढणे सोडून दिले.

तरुण मित्र म्हणतील, मोबाइलही एकेकाळी विटेएवढा होता. खरे आहे. पेटीचेही वजन उतरेल, चित्र सुधारेल. परंतु डोळे झाकणे हा पेटीचा दोष नव्हे, तो तिचा धर्म आहे. तो काढला तर ती पेटी राहत नाही. मेटाच्याच सहकार्याने निघालेला, बाहेरचे सर्व दिसू देणारा कॅमेऱ्याचा साधा चष्मा २०२३ च्या शेवटापासून सव्वा वर्षात वीस लाख खपला, हे बोलके आहे. म्हणून आमचे उत्तर असे: हौशी खेळगड्यांत ही पेटी राहील, वाढेलही, पण रेडिओ आणि मोबाइल यांच्या पंक्तीला ती बसणार नाही.

इथे व्याख्यान संपवता आले असते. पण बाजाराला दोन दारे असतात. एका दारातून वापरणारा स्वतः विकत घेतो. दुसऱ्या दारातून एक विकत घेतो आणि वापरावे दुसऱ्याला लागते. २०१८ साली वॉलमार्टने आपल्या अमेरिकेतील दुकानांतील नोकरांना शिकवण्यासाठी १७,००० पेट्या देण्याचे जाहीर केले. ज्या मालाला घरात गिऱ्हाईक मिळत नाही त्याला कारखान्यात मिळते, कारण तिथे "मला नको" म्हणण्याची सोय नसते.

आम्ही यंत्राचे वैरी नव्हे. आग, उंची, क्रेन, उच्च दाबाची वीज यांचे शिक्षण जीव धोक्यात न घालता मिळत असेल तर ते हवेच. आमची संघटना आहे अशा एका कारखान्यात प्रेसवर एका कंत्राटी पोराची दोन बोटे कामाच्या पहिल्याच आठवड्यात गेली होती. पुढे व्यवस्थापनाने प्रेसचे शिक्षण देण्यासाठी या पेट्या आणल्या तेव्हा आम्ही त्यांचे स्वागत केले. पंधरा दिवसांत तक्रारी येऊ लागल्या. वीस वर्षे प्रेस चालवणारी एक बाई कॅन्टीनमध्ये आमच्याकडे येऊन म्हणाली, "भाऊ, पेटी काढली तरी जमीन हलते. तसंच मशीनवर उभं राहायचं, तर हात कुठं टाकू?"

इथे आमची चूक झाली, ती सांगितलीच पाहिजे. आम्ही स्वतः पेटी लावून पाहिली होती; आम्हांला काही झाले नव्हते. म्हणून आम्ही तिला म्हटले, "ताई, सवय नाही म्हणून वाटतं. जाईल." तिकडे सुपरवायझरने तिच्या नावापुढे 'टाळाटाळ' असा शेरा मारला. आमचे उत्तर आणि त्याचा शेरा यांत फारसे अंतर नव्हते. पुढे आम्ही या विषयाचे वाचन केले, तेव्हा कळले की दोन बुबुळांमधील अंतर माणसागणिक वेगळे असते, बायकांत सरासरीने कमी असते, आणि भिंगे त्या अंतरावर बसली नाहीत तर त्रास वाढतो. बाईच्या मनात काही नव्हते. भिंगे तिच्या डोळ्यांवर बसवलीच नव्हती.

मग दुसरी गोष्ट उघड झाली. पगारवाढीच्या बैठकीत एक कागद निघाला. कोण कुठे पाहत होता, कोणाचा हात किती सेकंद थबकला, याची त्यावर नोंद होती. शिक्षणासाठी आणलेली पेटी मोजमाप करीत होती. १९११ साली अमेरिकेतील वॉटरटाउनच्या सरकारी शस्त्रागारात एका ओतकाम्याने आपल्या कामावर घड्याळ लावू देण्यास नकार दिला. त्याला काढताच त्याचे सोबती बाहेर पडले, आणि पुढे अमेरिकेच्या काँग्रेसने सरकारी शस्त्रागारांत ते घड्याळ वापरण्यास बंदी घातली. ते घड्याळ निदान दुसऱ्याच्या हातात दिसत तरी होते. हे आपल्याच डोळ्यांवर बांधलेले असते. २०२३ साली बर्कली येथील संशोधकांनी पेटीतला एक खेळ खेळणाऱ्या पन्नास हजारांहून अधिक लोकांच्या हालचाली तपासल्या. केवळ डोके आणि हात यांच्या शंभर सेकंदांच्या हालचालीवरून शंभरांत चौऱ्याण्णव वेळा माणूस अचूक ओळखता आला. म्हणजे नोंदीवरून नाव खोडले तरी माणूस लपत नाही. आणि आपल्या संसदेने वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा जो कायदा २०२३ साली केला, त्याच्या सातव्या कलमात संमतीवाचून माहिती वापरण्याची जी कारणे मान्य झाली आहेत, त्यांत नोकरीचे प्रयोजन हेही एक आहे.

त्या कारखान्यात शेवटी करार झाला. एका वेळी वीस मिनिटांहून अधिक नाही. पेटी काढल्यावर अर्धा तास मशीनवर उभे करायचे नाही. प्रत्येकाच्या डोळ्यांप्रमाणे भिंगे बसवायची आणि पेटी पुसून द्यायची. कोणीही, कारण न सांगता, पेटी उतरवू शकेल. त्याला जुन्या पद्धतीने शिकवायचे. एवढे आठवड्यात मान्य झाले. नोंद फक्त 'शिकला' किंवा 'शिकायचा आहे' एवढीच ठेवायची, या एका ओळीसाठी मात्र चार महिने लागले. व्यवस्थापनाला खरी किंमत कशाची वाटत होती हे त्या चार महिन्यांनी आम्हांला शिकवले. बाईच्या नावापुढचा शेराही खोडला गेला. तिची क्षमा आम्ही मागितली, ती वेगळी.

तेव्हा पेटीला बाजार मिळेल काय, या प्रश्नाचे उत्तर कंपन्यांनी शोधावे. तोटा त्यांचा आहे. आपण विचारायचा प्रश्न निराळा आहे. जत्रेतल्या पेटीपुढून मूल मनाला येईल तेव्हा उठत असे, आणि व्हीटस्टनच्या काळची पेटी शेजारच्याच्या हाती देता येत असे. तुमच्या मुलामुलींपैकी कोणी उद्या कारखान्यात, दुकानात वा रुग्णालयात कामाला लागेल आणि त्याच्यापुढे ही पेटी येईल. तेव्हा ती किती रुपयांची आहे हे त्याने विचारू नये. ती उतरवायची कोणाच्या मर्जीने, आणि उतरवल्यावर आपले तिच्यात काय राहते, एवढेच विचारावे. आणि हे त्याने एकट्याने न विचारता चौघांना बरोबर घेऊन विचारावे.